वाहत्या कानाचा इतिहास



आमच्या वणी गांवाच्या उत्तरेस सप्तशृंगीचा गड आहे. गडावरील अष्टादशभुजा भगवतीची मूर्ति ज्यांनीं जवळून पाहिली असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली असेल. देवीची मान किंचित् एका बाजूस कललेली आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषि पुराण सांगत असत आणि तें नीट ऐकूं यावें म्हणून देवीनें त्या दिशेस कान दिला, अशी कथा आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. या गडाविषयीं दुसरीहि एक कथा आहे. हनुमंत द्रोणागिरि घेऊन जात असतां त्याचा एक तुकडा येथें गळून पडला, तोच हा गड; म्हणून येथें औषधी वनस्पति विपुल आहेत, असें लोक मानतात. ऐकणारी देवता आणि औषधींचा डोंगर हीं दोन्हीं जेथें एकत्र आलीं आहेत, त्याच मुलखांत मीं तीस वर्षांहून अधिक काळ मुलें शिकविलीं. आणि त्या मुलांपैकीं कित्येकांच्या कानांतून पू वाहत असे.

वाहता कान हाच माझा आजचा विषय आहे. वैद्यकशास्त्राचें शिक्षण मला नाहीं. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी पत्करलेला मी एक सामान्य मनुष्य आहें. परंतु या दुखण्यानें माझ्या एका विद्यार्थ्याचें जें नुकसान झालें, त्यांत माझ्या हातूनहि एक अपराध घडला. तेव्हांपासून या विषयावर जें वाचावयास मिळालें तें मी वाचीत आलों. त्याचा सारांश आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे. लढायांचे व राजघराण्यांचे इतिहास पुष्कळ झाले. एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या दुखण्यावर माणसांनीं काय उपाय केले, आणि त्या उपायांची किंमत कोणीं व कशी मोजली, याचाहि इतिहास असतो आणि तो कमी उद्बोधक नसतो.

प्रथम हें दुखणें म्हणजे काय तें पाहूं. कानाच्या नळीच्या शेवटीं एक पातळ पडदा असतो. त्याच्या पलीकडे हवेची एक लहानशी कोठी असून तींत हातोडी, ऐरण व रिकीब यांच्या आकारांचीं तीन अगदीं बारीक हाडें एकमेकांस जोडलेलीं असतात. पडद्याचें कंपन हीं हाडें आंतल्या कानाकडे पोंचवितात. ही कोठी एका नळीनें घशाच्या वरच्या भागाशीं जोडलेली आहे. सोळाव्या शतकांत इटालियन शारीरशास्त्रज्ञ युस्टाकि यानें या नळीचें वर्णन केलें व तिला त्याचेंच नांव मिळालें. लहान मुलांत ही नळी आंखूड व बरीचशी आडवी असते. त्यामुळें सर्दी-पडशाचा विकार घशांतून कानांत सहज चढतो. कोठींत पू सांचतो, मूल रात्रभर रडतें, आणि पडदा फाटून पू बाहेर पडला कीं ठणका थांबतो. घरचीं माणसें म्हणतात, "कान फुटला, आतां बरें वाटेल." पुष्कळदां तसें होतेंहि, पडदा आपोआप जुळून येतो. परंतु कांहीं मुलांत तो जुळत नाहीं. भोंक तसेंच राहतें, पाणी गेलें किंवा सर्दी झाली कीं पू पुन्हा वाहूं लागतो, आणि असें करतां करतां वर्षें जातात.

या जुनाट अवस्थेचें मोठें वैगुण्य असें कीं ती दुखत नाहीं. जें दुखत नाहीं त्यासाठीं गरीब मनुष्य मजुरी बुडवीत नाहीं. मराठींत मुद्दाम दुर्लक्ष करण्यास 'कानाडोळा' म्हणतात. पण खुद्द कानाकडे जेवढा कानाडोळा होतो तेवढा डोळ्याकडे होत नाहीं. वैद्य लोक या रोगाचे दोन प्रकार मानतात. पहिल्यांत पडद्याच्या मधल्या भागास भोंक असतें, पू पुष्कळ पण बहुधा विनवासाचा असतो, आणि नुकसान मुख्यतः श्रवणाचें होतें. दुसऱ्यांत पू थोडा परंतु अत्यंत दुर्गंधीयुक्त असतो. तेथें कातडीचा एक पुंजका कोठींत वाढत जाऊन भोंवतालचें हाड कुरतडीत राहतो. कानाची ती कोठी आणि मेंदु यांच्यामध्यें हाडाचा केवळ एक पातळ पापुद्रा आहे. तो पापुद्रा गेला कीं मेंदूच्या आवरणांस दाह होतो किंवा मेंदूंत गळूं होतें. आणि चेहऱ्याची नस कोठींतूनच जात असल्यामुळें कित्येकांचें तोंड वांकडें होतें.

आमच्या देशांत या रोगाची ओळख फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णस्राव आहे, कर्णपाक आहे, आणि दुर्गंधीयुक्त पुवाचा पूतिकर्णहि आहे. म्हणजे साधा वाहता कान व घाण येणारा कान यांतील भेद त्या काळच्या वैद्यांच्या नजरेंतून सुटला नव्हता. उपायांतहि केवळ कान तेलानें भरणें एवढेंच सांगितलें नाहीं. कान पुसणें, धुणें व धुरी देणें हेंहि त्याच्या जोडीला सांगितलें आहे. आजचे डॉक्टरहि पहिली गोष्ट हीच सांगतात, कीं आधीं कान पुसून स्वच्छ व कोरडा करा, मग औषध घाला. दुर्दैव असें कीं शास्त्रांतलें पुसणें व धुणें लोक विसरले आणि भरणें तेवढें घरोघर शिल्लक राहिलें.

तें कसें शिल्लक राहिलें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. लसूण टाकून कढविलेलें गोडें तेल, झेंडूच्या पाल्याचा रस, धोतऱ्याच्या पानांचा रस, गोमूत्र, बाळंतिणीचें दूध, यांपैकीं कांहीं ना कांहीं ज्याच्या कानांत पडलें नाहीं असा माझ्या पिढीचा मनुष्य खेड्यांत विरळा. पडदा शाबूत असेल तर यांनीं फारसें बिघडत नाहीं. पण भोंक पडलेल्या कानांत हा ओलावा थेट कोठींत उतरतो आणि जंतूंस आयतें पोषण मिळतें. शहरांतून व जत्रांतून कानमैले फिरत. डोक्यास पागोटें, त्यांत खोंचलेल्या सळया व कापूस, हें त्यांचें चिन्ह. या सर्व उपायांस पैसा जवळजवळ लागत नसे, आणि म्हणून आपण समजतों कीं पूर्वीं औषधपाणी स्वस्त होतें. वास्तविक तें स्वस्त नव्हतें. किंमत रोकड नव्हती इतकेंच. ती ऐकण्याच्या रूपानें मोजली जात होती, आणि तिचा हिशेब कोणी ठेवीत नव्हता.

आतां युरोपांतील हकीकत ऐका. कानामागें जें उंचवट्याचें हाड हातास लागतें, तें आंतून मधाच्या पोळ्यासारखें सच्छिद्र असून त्याचा मध्यकर्णाशीं संबंध असतो. तेथें पू सांचला तर हाड उघडून त्यास वाट द्यावी, ही कल्पना फ्रेंच शस्त्रवैद्य झां लुई पेति यानें इ. स. १७३६ च्या सुमारास अमलांत आणली. १७७६ सालीं जास्सेर नांवाच्या प्रशियन लष्करी शस्त्रवैद्यानेंहि तेंच केलें. हा उपाय नांवारूपाला येत असतां १७९१ सालीं डेन्मार्कच्या राजाचा वैद्य बेर्गेर यानें आपल्या बहिरेपणावर व कानांतील आवाजावर हीच शस्त्रक्रिया स्वतःवर करवून घेतली, आणि मेंदूच्या आवरणाच्या दाहानें तो दगावला. राजवैद्यच मेला म्हटल्यावर पुढें कोण धजणार? जवळजवळ पाऊण शतक ती शस्त्रक्रिया निषिद्धच ठरली.

त्या मधल्या काळांत डब्लिन शहरीं विल्यम वाइल्ड नांवाचा मोठा कर्णवैद्य होऊन गेला. वाहता कान ही किरकोळ बाब नसून तिचा शेवट कोठें होईल हें सांगतां येत नाहीं, हें त्यानें आपल्या व्यवसायबंधूंस पटविण्याचा प्रयत्न केला, व १८५३ सालीं कर्णरोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दैवगति अशी कीं, त्याचाच पुत्र, सुप्रसिद्ध इंग्रजी नाटककार ऑस्कर वाइल्ड, हा कानाच्याच विकारानें १९०० सालीं पॅरिसमध्यें वारला. कान फार दिवस बिघडलेला होता. तुरुंगवासांत तो अधिक बिघडला. शेवटीं शस्त्रक्रिया झाली ती उतरत्या पायरीवर. मेंदूच्या आवरणास दाह होऊन अंत झाला, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. मरतेवेळीं ज्या हॉटेलांत तो राहत होता त्याचें देणेंहि फिटलेलें नव्हतें. कर्णवैद्याच्या घरीं जन्मलेल्याची ही गत, मग इतरांची काय कथा?

शस्त्रक्रियेचें भाग्य पालटलें तें दोन शोधांनीं. १८४७ सालीं क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू झाला, आणि १८६७ सालीं लिस्टरनें जंतुनाशक शस्त्रक्रियेची रीति प्रसिद्ध केली. राजवैद्य बेर्गेर ज्यामुळें मेला तें कारण आतां कळलें व टाळतांहि येऊं लागलें. १८७३ सालीं जर्मनींतील हाले येथील श्वार्ट्स यानें कानामागचें हाड उघडण्याची पद्धति शास्त्रशुद्ध पायावर पुन्हा प्रस्थापित केली. पुढील वीस वर्षांत रोगट कोठी समूळ कोरून काढण्याच्या शस्त्रक्रियाहि निघाल्या. त्यांनीं जीव वांचे. परंतु त्या कोरण्यांत श्रवणाचीं हाडेंहि बहुधा जात. प्राण घ्या आणि कान द्या, असा तो सौदा होता.

हें नवें ज्ञान आपल्याकडे केव्हां आलें? मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज व त्यास जोडलेलें जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ चें. तेथील पहिली तुकडी १८५१ सालीं बाहेर पडली, सुप्रसिद्ध डॉ. भाऊ दाजी तींतलेच. पुण्याचें ससून रुग्णालय १८६७ चें, आणि परळचें के. ई. एम. १९२६ चें. धर्मशील धनिकांच्या देणग्यांवर हीं रुग्णालयें उभीं राहिलीं व गरिबांवर तेथें मोफत उपचार होत. पण मोफत हा शब्द रुग्णालयाच्या दारापासून पुढें लागू होतो. वणीहून नाशिक व नाशिकहून मुंबई हें अंतर, तेथें राहण्याची सोय, बरोबर येणाऱ्या माणसाचा खर्च आणि बुडालेले कामाचे दिवस, हीं सर्व रोग्याच्या पदरचीं. भोर समितीचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ब्रिटिश हिंदुस्थानांत सुमारें ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर, असें प्रमाण दिलेलें आहे. आणि ते डॉक्टरहि बहुतेक शहरांत. अशा स्थितींत खेड्यांतल्या फुटलेल्या कानासाठीं कोणी मुंबई गांठली असेल, असें वाटत नाहीं.

यानंतर औषधांचें युग आलें. १९३५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ डोमाक यानें प्राँटोसिल या रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण प्रसिद्ध केला, व त्यांतून सल्फा औषधें निघालीं. पाठोपाठ पेनिसिलिन आलें. पेनिसिलिनचा आपल्या देशांतला सरकारी कारखाना पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं स्थापन झाला व पुढील वर्षीं उत्पादन सुरू झालें, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे. या औषधांनीं कानामागच्या हाडांत एकाएकीं पू होऊन मुलें दगावण्याचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. परंतु जुनाट वाहता कान मात्र पेनिसिलिनला दाद देईना. कारण असें कीं, वर्षानुवर्षें वाहणाऱ्या कानांत बहुधा जो जंतु ठाण मांडून बसतो, त्यावर पेनिसिलिनचा परिणामच होत नाहीं. त्यावर चालणारें सिप्रोफ्लॉक्सासिन नांवाचें औषध १९८० नंतरच्या दशकांत निघालें. त्याचे थेंब कान कोरडा करून घातले, तर पुष्कळांचा कान वाहावयाचा थांबतो. तोंडानें घेण्याच्या गोळ्यांपेक्षां हे थेंब जुनाट कानास अधिक गुणकारी, असें पुढें अनेक चांचण्यांतून दिसून आलें. या थेंबांची बाटली आज एका दिवसाच्या शेतमजुरीहून कमी किंमतीस मिळते, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें महत्त्व पुढें कळेल.

शस्त्रक्रियेंतहि क्रांति झाली. १९२१ सालीं स्टॉकहोमच्या नीलेन यानें कानाच्या शस्त्रक्रियेस सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. १९५० नंतर वुलश्टाइन व झ्योलनेर या दोन जर्मन शस्त्रवैद्यांनीं फाटलेला पडदा पुन्हा बसविण्याची व हाडांची सांखळी जोडण्याची पद्धति बसविली. रोग्याच्याच कानशिलाच्या स्नायूवरचें पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा आज करतात. पूर्वीं प्राण घेऊन कान द्यावा लागे. आतां दोन्हीं राखण्याची शक्यता निर्माण झाली. अट एकच, कीं हाडें कुरतडलीं जाण्यापूर्वीं रोगी तेथवर पोंचला पाहिजे.

आणि येथेंच मला माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली पाहिजे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी डोंगराकडील एका लहान शाळेंत होतों. चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याच्या कानांत नेहमीं कापसाचा बोळा असे. वास येतो म्हणून इतर मुलें त्याला जवळ बसूं देत नसत, आणि मींहि त्याला भिंतीजवळ शेवटच्या रांगेंत बसविलें होतें. प्रश्न विचारला कीं तो नुसता पाहत राही. एक दिवस मीं पाढा म्हणावयास सांगितला, तो बसून राहिला, आणि मीं त्याला उद्धट समजून मारलें. कोठें मारलें हें सांगावयास आजहि जीभ रेटत नाहीं, कानशिलांतच मारलें. ज्याला मीं मठ्ठ समजलों तो ऐकूंच शकत नव्हता, हें मला पुढें पुष्कळ दिवसांनीं कळलें. तोंवर तो सहावींतून शाळा सोडून द्राक्षांच्या बागेंत कामास लागला होता.

पुष्कळ वर्षांनीं वणीच्या बस स्थानकावर त्यानेंच मला ओळखून नमस्कार केला. कानामागें नुकत्याच भरून आलेल्या जखमेची रेघ होती. मीं कांहीं बोलण्यापूर्वींच तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मागून हाक मारायचे ना, ती मला ऐकूंच येत नव्हती." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. बस येईतों आम्ही त्याच्या कानाचा हिशेब केला. आधीं भगत, मग बाजारांतलीं न विचारतां घेतलेलीं औषधें, मग खासगी दवाखाने, मग नाशिक. नाशिकच्याच अकरा फेऱ्या. दर फेरीस तो व बाप, किंवा तो व बायको, असे दोघे; म्हणजे नुसती मजुरीच बावीस दिवसांची गेली. मध्यंतरीं एकदां शस्त्रक्रिया ठरली होती, ती द्राक्षांच्या खुडणीचा हंगाम आला म्हणून त्यानेंच टाळली. कारण शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे कान कोरडा ठेवावा लागतो व जड काम करतां येत नाहीं. एक शेळी विकली, उसनवारी केली. शेवटीं शासनाच्या योजनेंतून शस्त्रक्रिया विनामूल्य झाली. कान कोरडा झाला; पण हाडें आधींच झिजून गेलीं होतीं, तें ऐकणें परत आलें नाहीं.

या शासकीय योजनांचा इतिहास थोडक्यांत असा. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्यें निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत निघाली; नाशिकसह उरलेल्या जिल्ह्यांत ती २०१३ च्या नोव्हेंबरांत आली, आणि २०१७ सालीं तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचें नांव मिळालें. प्रारंभीं कुटुंबामागें वर्षास दीड लाखाची मर्यादा होती. ती पांच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ सालीं झाला. कानाच्या शस्त्रक्रियाहि तींत आहेत. तिसरा कार्यक्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशांतील आरंभ २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्याच पालघर येथें झाला. त्याअन्वयें वैद्यकीय पथकानें शाळेंतील मुलांना वर्षांतून एकदां व अंगणवाडींतील बालकांना दोनदां तपासावयाचें असतें. आणि तपासावयाच्या रोगांच्या यादींत वाहता कान स्पष्ट लिहिलेला आहे.

इतकें असून खर्चाचा प्रश्न सुटला काय? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत असें आढळलें कीं, बाळंतपणें वगळून कोणत्याहि दुखण्यासाठीं ग्रामीण मनुष्य रुग्णालयांत राहिला, तर त्याचा सरासरी औषधोपचाराचा खर्च सरकारी रुग्णालयांत ४,२९० रुपये व खासगींत २७,३४७ रुपये होता. प्रवास, खाणेंपिणें व बुडालेली मजुरी यांत धरलेली नाहीं. वणीस ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु अशा रुग्णालयांसाठीं जे तज्ज्ञ ठरवून दिलेले आहेत, त्यांत शस्त्रवैद्य, वैद्य, प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ येतात. कान-नाक-घशाचा तज्ज्ञ येत नाहीं. त्यासाठीं चाळीसहून अधिक किलोमीटर दूर नाशिक गांठावें लागतें, आणि सुरगाणें-पेठेकडील पाड्यांवरच्या माणसाला त्याहून कितीतरी दूर जावें लागतें. योजना शस्त्रक्रियेचे पैसे भरते; पण तिच्या आधींच्या दहा वर्षांतल्या फेऱ्यांचे पैसे कोणी भरीत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याला शस्त्रक्रियेनें बुडविलें नाहीं. तिच्या वाटेनें बुडविलें.

हा प्रश्न केवळ आमच्या तालुक्याचा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००४ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत साडेसहा कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत लोकांचे कान जुनाट वाहणारे होते, व त्यांतील शेंकडा साठांचें ऐकणें कमी झालेलें होतें. त्यांपैकीं बहुतेक गरीब देशांतले. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालांत, सर्व कारणांच्या मिळून उपचाराविना राहिलेल्या बहिरेपणामुळें जगाचें दरवर्षीं सुमारें ९८० अब्ज डॉलरांचें नुकसान होतें, असें म्हटलें आहे. आंकडा इतका मोठा आहे कीं तो मनांत भरत नाहीं. मला तो समजतो तो असा: एक मूल चौथींत ऐकत नाहीं, सहावींत शाळा सोडतें, आणि जन्मभर दुसऱ्याच्या बागेंत राबतें.

गोष्टीचा एक भाग सांगावयाचा राहिला. त्या विद्यार्थ्यास मुलगी आहे. दुसरींत असतां तिचाहि कान फुटला. त्या वर्षीं शाळेंत आलेल्या पथकानें तो पाहिला, चिठ्ठी दिली, कान पुसून थेंब कसे घालावयाचे तें आईला दाखविलें, व पुन्हा तपासणीला बोलाविलें. कान कोरडा झाला, आणि कांहीं महिन्यांनीं पडदाहि जुळून आला. खर्च झाला तो थेंबांच्या दोन बाटल्यांचा आणि दोन फेऱ्यांचा. बापाच्या कानास लागलीं पंचवीस वर्षें, एक शेळी व शाळा. लेकीच्या कानास लागले दोन महिने. या दोन हिशेबांमध्यें जो फरक आहे, तोच माझ्या मतें या सर्व इतिहासाचें फलित होय.

श्रोत्यांस माझी विनंति एवढीच आहे. दोन आठवड्यांहून अधिक वाहणारा कान 'वयानें बरा होईल' म्हणून सोडूं नका. त्यांत तेल, रस, दूध कांहीं घालूं नका. स्वच्छ कापडाची वा कापसाची वात करून तो हलक्या हातानें टिपून कोरडा करा. आंघोळीच्या व पोहण्याच्या वेळीं पाणी जाऊं देऊं नका, आणि थेंब घालावयाचे ते डॉक्टरांना विचारूनच घाला. तान्ह्या मुलास आडवें निजवून बाटलीनें दूध पाजूं नका. त्याला चुलीच्या व विडीच्या धुरापासून दूर ठेवा. लसी वेळेवर टोंचून घ्या. पुवास घाण येत असेल, अथवा वाहत्या कानाबरोबर डोकें दुखूं लागलें, ताप आला, चक्कर आली, तोंड वांकडें झालें, किंवा कानामागें सूज आली, तर तो दिवस मजुरीचा समजूं नका. तडक मोठें रुग्णालय गांठा.

आणि माझ्या शिक्षकबंधूंस व भगिनींस एक वेगळी विनंति. वर्षाच्या आरंभीं प्रत्येक मुलाच्या मागें उभे राहून त्याचें नांव हलक्या आवाजांत घ्या. जें मूल वळून पाहणार नाहीं, त्याला शेवटच्या रांगेंतून उठवून पहिल्या रांगेंत बसवा, आणि त्याच्या आईबापांस निरोप धाडा. याला खर्च कांहीं नाहीं. मीं तें वेळेवर केलें नाहीं. गडावरच्या देवीनें ऋषीचें बोलणें ऐकण्यासाठीं मान कलती केली, असें आपण श्रद्धेनें सांगतों. आपल्या वर्गांतल्या मुलाला आपलें बोलणें ऐकूं येतें कीं नाहीं, एवढें पाहण्यापुरती तरी मान आपणहि कलती करावी.